दूरच्या देशांत काय चाललंय ते आपण कशाला मनावर घ्यायचं?

कलमवाला
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे, वडिलोपार्जित. सध्या पावसामुळे रान काढण्यापलीकडे काम नाही, त्यामुळे संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात बसणं होतं. तिथे रोज एकच विषय. युक्रेनने काय केलं, इराणने काय करायला हवं होतं, गाझात काय होणार. परवा दोघं जण होर्मुझच्या सामुद्रधुनीवरून इतके तापले की हॉटेलवाल्याने त्यांचे चहाचे ग्लास उचलून बाजूला ठेवले.

आता आमच्या वाडीचं सांगतो. व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, दोन पावसाळ्यांपूर्वी एका अंगाने खचला. पोफळीची खोडं टाकून काम भागवतोय. पाणी चढलं की शाळेची पोरं दोन किलोमीटरचा वळसा घेऊन जातात. होर्मुझवर भांडणारे दोघंही याच वाडीतले, पण साकवाच्या ग्रामसभेला एकही आला नव्हता.

मला टोमणा मारायचा नाहीये, खरंच विचारतोय. दूर कुठेतरी, जिथे आपला कोणी नाही, तिथलं आपण का मनावर घ्यावं? घेऊन होतं काय?

चहाटळ
सोपं आहे. साकवावर बोललं की सरपंच दुखावतो, तो चुलत्याचा साडू असतो. पुतिनवर कितीही बोला, लग्नाच्या पंगतीत समोर येत नाही.

कलमवाला
@चहाटळ, आमचा सरपंच माझाच मावसभाऊ आहे. पण मुद्दा कळला.

खाडीकाठची
मी रत्नागिरीची. आम्हा नऊ बायकांचा बचतगट आहे, एप्रिल-मे मध्ये फणसाचे तळलेले गरे करतो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा आम्हीही म्हटलं, आपल्याला काय त्याचं. आपल्याकडचं बहुतेक सूर्यफूल तेल त्याच दोन देशांतून येतं हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. ते महागलं म्हणून पामतेलावर गेलो. तर २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली. म्हणजे फणस कापून, गरे चिरून तयार, कढई चुलीवर, आणि दुकानदार डब्याचा भाव सकाळी एक सांगतोय, दुपारी दुसरा.

त्या वेळी घाबरून आम्ही चढ्या भावाने पंधरा किलोचे सहा डबे उचलले. २३ मेला बंदी उठली. तोवर आमचा सीझन आटपला होता. सहापैकी दोन डबे दिवाळीच्या फराळाला वापरले. त्या वर्षी गऱ्यांच्या पिशवीमागे काय सुटलं ते विचारू नका.

आता आमच्यातली एक जण रोज बातम्या बघते आणि ग्रुपवर टाकते. तिला आम्ही 'परराष्ट्रमंत्री' म्हणतो.

कलमवाला
@खाडीकाठची, पटलं. पण ताई, नीट बघितलं तर हा भावाचा प्रश्न झाला. इंडोनेशिया बंदी घालणार हे आधी कळलं असतं तर तुम्ही डबे आधी घेतले असते, एवढंच. ही तर व्यापाऱ्याची सावधगिरी झाली. आमच्याकडचा दलालही वाशीतला भाव रोज बघतो, म्हणून तो वाशीची काळजी करतो असं मी म्हणणार नाही.

काजूबी
+१ खाडीकाठचीला. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया ही नावं आमच्याकडे काजू फॅक्टरीत काम करणाऱ्या बायकांनाही पाठ आहेत. तिकडून बी स्वस्तात आली की आमच्या बीचा दर खाली. आणि गंमत म्हणजे मूळ झाडही आपलं नव्हे, पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेलं. जे झाडच परदेशातून आलं त्याचा दर गावात ठरावा अशी अपेक्षा आम्ही करतो!

तांडेल
गाववाल्यानु, माझी गजाल आयका.

पाचेक वर्सां झाली. वारो नाय, पावस नाय, आभाळ निळा भक्क. आमी रापण ओढूक किनाऱ्यार गेलंव. दर्या जरा फुगल्यासारखो दिसत होतो, पण वारोच नाय तर घाबरूचा कशाक? आणि एकदम लाट इली ती थेट वर, होडी आडवी घातली. जाळी गेली ती गेलीच, एकाचो पाय मोडलो.

घरी इलंय तर झील म्हणता, "बाबा, मोबाईलार मेसेज इललो, उंच लाटांचो इशारो." मी म्हटलंय, वारो खंय असा? तेवा तेणा नकाशो काढून दाखवल्यान. खाली दक्षिणेक, हिंदी महासागराच्या पार तळाक मोठा वादळ झाललां, चार-पाच दिवसांआधी. वादळ थंयच मेला, पण तेच्या लाटा हजारो किलोमीटर चालत आमच्या दारात इले.

आता हैदराबादच्या केंद्राचो मेसेज इलो काय होडी वर घेतंव. थंय माणूस रवता काय नाय ता माका म्हायत नाय, पण थंयला वादळ माझा नाव घेऊन येता.

चहाटळ
तांडेलानू, शेवटची ओळ फ्रेम करून ठेवतो.

जुनी_पानं
तांडेलांच्या गोष्टीला जोड. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या बलुचिस्तानाजवळ, समुद्रात मोठा भूकंप झाला. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, माणसं वाहून गेली. सूचना द्यायला तेव्हा कोणी नव्हतं. हैदराबादचं त्सुनामीची सूचना देणारं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं, तेही सुमात्राजवळच्या २००४ च्या भूकंपानंतर. म्हणजे आज त्सुनामीचा इशारा मिळतो त्याच्यामागे तामिळनाडू, अंदमान, श्रीलंका, इंडोनेशियातले लाखो मेलेले लोक आहेत. मी एवढंच लक्षात आणून देतोय.

दर्यावर्दी
मी व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनिअर, गाव गुहागरकडे. सुट्टीवर आहे म्हणून लिहायला वेळ मिळाला.

२०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' अडकलं, सगळ्यांनी मीम्स टाकले. चारशे मीटरचं जहाज आणि शेजारी ते इवलंसं खोदकामाचं यंत्र. त्यावरचे पंचवीसही खलाशी-अधिकारी भारतीय होते हे किती जणांना माहीत आहे? सहा दिवसांत जहाज सुटलं आणि मीम्सही थांबले. पण नुकसानभरपाईच्या वादात इजिप्तने ते जहाज जुलैपर्यंत रोखून ठेवलं होतं. बातमी संपते तिथे खलाशाचं खरं सुरू होतं.

मग २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबडा समुद्र. येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलक्सी लीडर' जहाज पळवलं, त्यावरची माणसं सुटली थेट २०२५ च्या जानेवारीत. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर मारा झाला, तिघे गेले, उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'कोलकाता'ने उचललं. आमच्या कंपनीने जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस जास्त. त्याआधी एकदा मात्र आम्ही तिथून गेलो होतो.

आता आईचं सांगतो, कारण माझ्यापेक्षा तिचंच उत्तर कलमवाल्यांना जास्त उपयोगी पडेल. आई सातवी शिकलेली. माझा दहावीचा भूगोलाचा नकाशासंग्रह तिने माळ्यावरून काढला, बाइंडिंग सुटलेला. त्यात अरबस्तानाच्या पानावर तिने हळदीकुंकवाच्या करंड्यातलं कुंकू बोटाने लावलेलं आहे, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीपाशी. अरबीत त्या नावाचा अर्थ आसवांचं दार असा सांगतात, तो मी तिला कधी सांगितला नाही. सॅटेलाइट फोनवर मी "पार झालो" म्हटलं की ती विचारायची, "आणि मागची?" मागची म्हणजे आमच्या मागून येणारी जहाजं. त्यात तिचं कोणी नव्हतं.

खाडीकाठची
@दर्यावर्दी, "आणि मागची?" वाचून थांबले मी.

खोचक_म्हावरं
सगळं वाचलं. छान आहे. पण कोणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून मी घेतो.

तेल महागलं, काजूचा दर पडला, लाट आली, मुलगा जहाजावर आहे. ही दूरच्या माणसांची काळजी झाली का? ही आपल्याच खिशाची, आपल्याच जाळ्याची, आपल्याच पोराची काळजी, फक्त जरा लांबून फिरून आलेली. दर्यावर्दींच्या आईंना मी यातून वगळतो, त्यांना नमस्कार.

परीक्षा घ्यायची तर सुदानची घ्या. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे यादवी चालू आहे, एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून पळालेत. या धाग्यावर कोणी नाव तरी काढलं? नाही, कारण तिथून आपलं काही येत नाही. खरं तर येतं, बाभळीचा डिंक येतो, थंड पेयांत आणि औषधाच्या गोळ्यांत घालतात. आता डिंकाचं कळलं म्हणून सुदानी माणसांची काळजी सुरू करणार का? मग ती डिंकाची काळजी!

कलमवाल्यांनी विचारलंय ते हे आहे: जिथे आपला कोणी नाही, तिथलं का? याला अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही. माझं उत्तर: करू नये, आणि करत असल्याचं सोंगही करू नये.

चहाटळ
पॉपकॉर्न नको, कोणीतरी गरे द्या.

खाडीकाठची
पाव किलोची पिशवी, पोस्टाने पाठवते. 😀

बाणकोटकर
सलाम-नमस्कार सगळ्यांना. मी मूळचा मंडणगड तालुक्यातला, आता मुंब्र्याला असतो. खोचकभाईंचा प्रश्न बरोबर आहे, पण एक गोष्ट सांगतो, ती त्यांच्या हिशेबात कुठे बसते ते त्यांनीच ठरवावं.

२ ऑगस्ट १९९०. इराकने कुवेत घेतलं. मी नऊ वर्षांचा. आमच्या मोहल्ल्यात तीन घरं सोडली तर प्रत्येक घरातला एक तरी माणूस तिकडे. अब्बा एका गॅरेजमध्ये होते. दीड महिना पत्र नाही, फोन नाही. मस्जिदीत रोज दुआ, आणि बाहेर एकच रेडिओ, त्याभोवती सगळे. एअर इंडियाने अम्मानहून पाचशेच्या आसपास फेऱ्या करून सुमारे १,७०,००० लोक आणले, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा आम्हाला फक्त एवढंच कळायचं की आज अमक्याचा माणूस सहार विमानतळावर उतरला.

पण मला सांगायचंय ते आमच्या पोस्टमनचं. बौद्धवाडीतले होते. त्यांचं तिकडे कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. खाडीपलीकडून तरीने यायचे. आमच्या मोहल्ल्यात पत्र नसलं तर पोस्टमनला यायचं कारण नसतं ना? ते रोज यायचे. रिकामी पिशवी घेऊन. प्रत्येक घरासमोर उभे राहून सांगायचे, "आज नाही, उद्या बघू." दादी म्हणायची, अरे बाबा, नसेल तर नको येत जाऊ, पाय दुखतील. तर म्हणाले, "मी आलो नाही तर तुम्हाला वाटत राहील, आलं असेल आणि मीच आणलं नाही."

अब्बा सप्टेंबरच्या शेवटी आले. बसरा, बगदाद, मग अम्मानच्या वाळवंटातला तंबू. एका पिशवीत दोन शर्ट आणि खिशात कुवेती दिनार, ज्यांना त्या दिवसांत मुंबईत कोणी विचारत नव्हतं. त्यांनी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून पोस्टमनचं घर गाठलं.

नाखवा_रत्नागिरी
डोळे भरून आले भाई.
अवांतर: कुवेतमध्ये आपल्या पापलेटला झुबैदी म्हणतात, बरोबर ना? आमचा मामा तिथे होता, म्हणायचा की त्यांना झुबैदी म्हणजे जीव की प्राण.

बाणकोटकर
हो, झुबैदीच. भातावर ठेवून देतात. अब्बांना आवडायचं नाही, म्हणायचे कोकम नाही, तिरफळ नाही, मासा काय नुसता पाहायचा?

तांडेल
तिरफळ पापलेटाक नाय घालीत, बांगड्याक घालतत.

बाणकोटकर
मंडणगडला आणि मालवणला यावरून युद्ध होईल, जाऊ दे. 😀

संपादक_मंडळ
माशांसाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया तिकडे. (तिरफळाबाबत संपादक मंडळाचं मत राखून ठेवलं आहे.)

साधी_गोष्ट
मी जरा वेगळं लिहिते. माझ्या सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. मागे त्या रोज तीन-तीन तास मराठी वाहिन्यांवरची युद्धं बघायच्या. पडद्यावर क्षेपणास्त्रांची ग्राफिक्स, मागे भोंगा, "काही तासांत महायुद्ध?" असा मोठ्ठा प्रश्न. डॉक्टरांनी बातम्या बंद करायला सांगितल्या. महिनाभरात गोळी अर्धी झाली.

काळजी म्हणजे धडधड नव्हे एवढंच माझं म्हणणं. नाक्यावरचे दोघं होर्मुझवर भांडतात ते मला क्रिकेटसारखं वाटतं. तिथे माणसं दिसत नाहीत, संघ दिसतात.

खोचक_म्हावरं
@साधी_गोष्ट, सहमत.
@बाणकोटकर, तुमचे पोस्टमन माझ्या हिशेबात बसत नाहीत, कबूल. पण एक बारीक फट दाखवू? ते कुवेतची काळजी करत नव्हते. तुमच्या दादीची करत होते. दादी खाडीपलीकडेच होत्या.

बाणकोटकर
@खोचक, मग दर्यावर्दींच्या आईंचं काय? "मागची" जहाजं कोणत्या खाडीपलीकडे होती?

जुनी_पानं
रत्नागिरीकर म्हणून थिबा राजाची आठवण करून देणं माझं कर्तव्यच आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळे थिबा पॅलेस बघून आलो, पण तो ब्रह्मदेशातून इथे का आला हे आम्हाला कोणी धड सांगितलं नव्हतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत स्थापन झालेली कंपनी सागवानाचे ओंडके काढायची. हिशेबापेक्षा जास्त लाकूड नेलं म्हणून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड केला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं, १८८५ मध्ये त्यांनी राज्यच घेतलं. राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तीस वर्षं तो इथून समुद्राकडे बघत राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. इंग्रजांची अदलाबदल बघा: आपला बहादूरशहा जफर रंगूनला, त्यांचा थिबा रत्नागिरीला.

थिबाची नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलायची, हलाखीत जगली. माझ्या आजोळी तिच्याविषयी "ती राजाची टुटू" असं बोलणं मी ऐकलंय, आणि सूर कौतुकाचा नसायचा. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या कबरीवर येऊन गेले. तेव्हा गावात पहिल्यांदा चर्चा झाली की अरे, हा त्यांचा कोणीतरी होता. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. त्या आठवड्यात संध्याकाळी मी थिबा पॉइंटवर फिरायला गेलो होतो. चार-पाच जोडपी सेल्फी काढत होती. मीही माझ्या नातवाचा काढला. घरी येऊन बातमी वाचली आणि उगाच ओशाळल्यासारखं झालं. का, ते मला खोचकरावांना समजावून सांगता येणार नाही.

माडावरचा
ज्यांना वाटतं लांबचं काही आपल्यापर्यंत येत नाही त्यांनी आठवावं, मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं तेव्हा जैतापूर-माडबनकडे म्हातारी माणसंसुद्धा तो शब्द बिनचूक उच्चारायला शिकली. तिथला अणुऊर्जा प्रकल्प हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही जपानचाच दाखला देत होते. आणि हे फ्रान्सचे लोक तर…

संपादक_मंडळ
प्रकल्पावरचा धागा सातशे प्रतिसादांचा आहे आणि कुलूपबंद आहे. तो इथे उघडू नये. माडावरचा यांचा पुढचा मजकूर काढला आहे.

माडावरचा
😀 बरं.

चवदार
महाडहून. खोचक यांना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण प्रश्न खरा आहे.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्या लोकांचे नेते आणि अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले निग्रो (तेव्हाचा शब्द) आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांकडे नेत आहेत असं त्यांनी वाचलं होतं, त्या निवेदनाची प्रत मागितली. त्यात त्यांनी लिहिलं की निग्रोंच्या प्रश्नाचा मी विद्यार्थी आहे, आणि तिथल्या त्यांच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीत फार साम्य आहे. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, हाही स्वार्थच, आपल्या लढ्यासाठी त्यांचं निवेदन हवं होतं. असेल. पण त्यासाठी आधी न्यूयॉर्कमधल्या त्या माणसाचं दुःख वाचून 'हे मला ओळखीचं आहे' असं वाटावं लागतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर माझे पणजोबा होते. पाणी आमच्या गावातलं, तळं आमच्या गावातलं, आणि तरी आम्ही गावाला परके. जवळचा आणि लांबचा हा हिशेब आमच्या घरात किलोमीटरमध्ये कधीच नव्हता.

खोचक_म्हावरं
@चवदार, या शेवटच्या ओळीवर मी लगेच काही लिहिणार नाही. विचार करतो.

चहाटळ
खोचक विचार करणार! तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

शाळाबाई
दोन दिवस फक्त वाचत होते. कलमवाले, तुम्ही दुसऱ्या दिवसापासून गायब आहात. एकच प्रश्न विचारते. मी देवगडलाच शिक्षिका आहे, माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार नेपाळी मुलं असतात, मोहोराला येतात आणि आंबा संपला की जातात. तुमच्या बागेत राखणीला कोण आहे?

नाखवा_रत्नागिरी
बाईंनी बरोबर खिळ्यावर मारलं. आमच्या बोटीवर सात खलाशी, पाच नेपाळी. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत सरकार पडलं तेव्हा पाचही जण रात्रभर फोनला चिकटलेले. मी ओरडलो, बर्फ कोण भरणार? भरला त्यांनी. पण मी विचारलं नाही, की घरचे बरे आहेत का.

रस्ता_साकव
कलमवाल्यांच्या साकवाबद्दल: ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला द्या, सोबत फोटो आणि शाळेच्या मुलांची संख्या. मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं तर वजन येतं. तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

कलमवाला
गायब नव्हतो. शाळाबाईंचा प्रश्न वाचून दोन वेळा लिहायला घेतलं आणि खोडलं.

हो, नेपाळी आहे. पंधरा वर्षं झाली. ऑक्टोबरात येतो, जूनमध्ये जातो. आम्ही सगळे त्याला बहादूर म्हणतो, त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणायचो. खरं नाव मला माहीत आहे, आधार नसल्यामुळे बँकेचं काम पडलं तेव्हा कळलं. इथे लिहीत नाही.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. ऐन हंगाम. संध्याकाळी वाशीला टेंपो निघायचा होता, साठ पेट्या भरायच्या होत्या. दुपारी माझ्या फोनवर बातमी आली, नेपाळमध्ये भूकंप. तो झाडावर होता, आंबे उतरवायची घळ (जाळीची काठी) घेऊन. मी खालून ओरडून सांगितलं. तो उतरला. मी विचारलं, तुझं घर कुठे? म्हणाला, कैलाली. मी फोनवर नकाशा बघितला. भूकंप गोरखाला, कैलाली पार पश्चिमेला, मध्ये चारशे-साडेचारशे किलोमीटर. मी खूश झालो आणि त्याला म्हटलं, "अरे, तुझं घर लांब आहे, तुला काय? चल, पेट्या भरायच्यात."

तो काही बोलला नाही. पडवीत बसून पेट्या भरायला लागला. पेंढा, फळं, पेंढा. त्याचा साडू भक्तपूरला वीटभट्टीवर होता हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही माझ्या बायकोने विचारलं म्हणून. पण साडू नंतरची गोष्ट. त्या दिवशी तो मध्येच उठायचा, मागच्या दारी जायचा आणि फोन लावायचा. मी समजलो साडूला लावत असेल. तर तो त्याच्या आधी आमच्या बागेत असलेल्या राखण्याला फोन लावत होता, तो सिंधुपाल्चोकचा. त्याच्याशी याचं भांडण होतं, पैशांवरून. तरी लावत होता.

साडू चौथ्या दिवशी सापडला, बरा होता. जुना राखणा फोनवर लागलाच नाही. आजपर्यंत.

साठ पेट्या वेळेवर गेल्या. वाशीहून दलालाचा फोन आला, माल एक नंबर, एक फळ डागी नाही. हे मी त्याला कौतुकाने सांगितलं होतं. तेही आठवतंय.

खाडीकाठची
(काही लिहिण्यासारखं नाही. वाचलं एवढं कळावं म्हणून.)

तांडेल
त्या जुन्या राखण्याचो मागसून काय्येक पत्तो नाय?

कलमवाला
@तांडेल, नाही. नाव माहीत नव्हतं, बहादूर म्हणून कसा शोधणार?

आत्ता फोन लावला होता कैलालीला. एरवी मी सप्टेंबरात लावतो, कधी येतोस विचारायला, म्हणून तो जरा घाबरला. विचारलं, पाऊस कसा आहे तिकडे. म्हणाला, धानाची रोपणी झाली, मुलगी आठवीत गेली. मग त्यानेच विचारलं, "सेठ, साकव बना क्या?"

खोचक_म्हावरं
ऑक्टोबरात फवारणीचा पंप त्यालाच पलीकडे न्यायचा असेल ना.

कलमवाला
न्यायचा आहेच. पंपाचं मी सांगितलं त्याला. त्याने पोरांचं विचारलं, पाणी चढलं की अजून वळसा घेतात का म्हणून.

@रस्ता_साकव, मुख्याध्यापकांच्या पत्राचा नमुना असेल तर टाका. सरपंचाला मी बघतो.